शनिवारी किल्ला, रविवारी योसेफोव

ड्रेस्डेनला शिकायला आलेल्या मुलांची पहिली सहल बहुतेक वेळा प्रागची असते. एल्बेच्या काठाकाठाने जाणारी गाडी, अडीच तासांचा प्रवास, मधे सीमा लागते ती कळतही नाही. ऑक्टोबरात वर्ग सुरू झाले की कुणीतरी व्हॉट्सअ‍ॅपवर ‘प्राग कधी?’ एवढंच टाकतं आणि रात्रीपर्यंत पुणे, सातारा, नागपूर, हैदराबाद अशी सगळीकडची नावं जमा होतात. मी इथे संशोधनासाठी राहते, या मुलांपेक्षा वयाने मोठी आहे, म्हणून ‘ताई, तूही चल’ असा आग्रह झाला आणि अशा एका सहलीला मी गेले. त्या दोन दिवसांत जे बिघडलं, त्यातलं जवळजवळ सगळं टाळता येण्यासारखं होतं. दर वर्षी नव्या मुलांचं नेमकं तेच बिघडतं, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

पहिला घोळ गाडीतच झाला. जर्मनीकडून येणारी गाडी प्रागमध्ये दोन ठिकाणी थांबते. आधी होलेशोवित्से लागतं आणि मग ह्लाव्नी नाद्राझी, म्हणजे मुख्य स्थानक. खिडकीतून पाटीवर ‘प्राहा’ दिसलं आणि पुढच्या डब्यातली मुलं पाठपिशव्या उचलून उतरली. आम्ही मागच्या डब्यात होतो, आम्हाला ते कळेपर्यंत गाडी हलली होती. तसं पाहिलं तर ही अडचण फार मोठी नाही. दोन्ही स्थानकं मेट्रोच्या ‘सी’ मार्गावर आहेत आणि मधे फक्त दोन थांबे येतात. पण हॉस्टेलचं बुकिंग, तिथला पत्ता, परतीची तिकिटं, सगळं सहलीची आखणी करणाऱ्या साताऱ्याच्या मुलाच्या फोनमध्ये होतं आणि तो उतरलेल्यांबरोबर होता. त्याचा फोन बंद पडायला आला होता. आमच्याकडे मुक्कामाच्या जागेचं नावसुद्धा नव्हतं.

गटाने जाताना एकावर सगळं सोपवण्याची आपल्याला सवय आहे, कारण घरच्या सहलीत काका किंवा मामा सगळं बघतात. परक्या शहरात तसं करू नये. निघण्याच्या आदल्या रात्री प्रत्येकाच्या फोनमध्ये तिकिटं, पत्ता आणि शहराचा ऑफलाइन नकाशा असायला हवा, आणि पत्ता एका कागदावर लिहून खिशात. चुकामूक झाली तर कुठे थांबायचं हेही आधी ठरवा. जागा अशी निवडा की जिथे गर्दीत हरवायला होणार नाही. खगोलीय घड्याळाखाली भेटू असं ठरवलंत तर दर तासाला तिथे शेकडो माणसं जमलेली असतात. त्यापेक्षा वाक्लाव चौकातला घोडेस्वार संत वाक्लावचा पुतळा बरा, प्रागचे लोकही तिथेच भेटतात.

होलेशोवित्सेला उतरलेल्या मुलांनी यंत्रातून कार्डाने मेट्रोची तिकिटं काढली आणि सरळ खाली गेली. प्रागमध्ये फलाटावर अडवणारं फाटक नाही, त्यामुळे तिकीट घेतलं की झालं असं वाटतं. पण कागदी तिकीट मेट्रोत शिरताना, आणि ट्राम किंवा बसमध्ये चढल्या चढल्या, पिवळ्या यंत्रात घालून त्यावर वेळ छापून घ्यावी लागते. वेळ छापलेली नसेल तर ते तिकीट धरलं जात नाही. तपासनीस साध्या कपड्यांत असतात आणि बिल्ला दाखवून तिकीट मागतात. ‘आम्ही पैसे भरलेत, हे बघा’ म्हणून उपयोग झाला नाही, तिघांना दंड बसला. नियम त्यांच्या बाजूने होता. अ‍ॅपवर तिकीट घेणार असाल तर तेही आपणच सुरू करायचं असतं आणि लागू व्हायला थोडा वेळ जातो, म्हणून ते गाडीत चढण्याआधी करा. दोन दिवस राहणार असाल तर २४ किंवा ७२ तासांचं तिकीट घ्या. ते पहिल्या प्रवासाला एकदाच छापायचं आणि मग मेट्रो, ट्राम, बस सगळीकडे चालतं.

पैशांचं प्रकरण मात्र शेवटी निभावलं, आणि ते का निभावलं हे प्रत्येकाला माहीत असायला हवं. चेक प्रजासत्ताक युरोपीय संघात आहे, पण तिथलं चलन युरो नाही, कोरुना आहे. एका युरोला साधारण २४-२५ कोरुना मिळायला हवेत. जुन्या शहरात पैसे बदलून देणारी दुकानं गल्लोगल्ली आहेत आणि ‘कमिशन शून्य’ अशा मोठ्या पाट्या लावतात. कमिशन घेत नाहीत हे खरंच असतं, कमाई दरात असते. आमच्यातल्या एका मुलीने दर न विचारता युरोच्या नोटा आत सरकवल्या आणि हातात आलेले कोरुना मोजले तेव्हा तिचं तोंड उतरलं. प्रवासासाठी महिनाभर बाजूला टाकलेले पैसे होते ते.

१ एप्रिल २०१९ पासून तिथल्या कायद्यात एक तरतूद आहे. परकीय नोटा बदलल्यापासून तीन तासांच्या आत, त्याच दुकानात जाऊन, कारण न देता व्यवहार रद्द करता येतो. रक्कम एक हजार युरोंपर्यंतची असावी लागते आणि पावती दाखवावी लागते. पावती तिने बाहेरच्या कचराकुंडीत टाकली होती, ती शोधून काढली. खिडकीतल्या माणसाने आधी कानावर हात ठेवले. आम्ही तिथल्या मध्यवर्ती बँकेच्या संकेतस्थळावरचं पान उघडून काचेला लावलं, तेव्हा त्याने युरो परत केले. मुलींनो, मुलांनो, पावती जपा आणि घड्याळाकडे लक्ष ठेवा. रस्त्यावर जवळ येऊन ‘चांगला दर देतो’ म्हणणाऱ्याशी तर बोलूच नका. असे लोक चलनातून गेलेल्या दुसऱ्याच देशाच्या नोटा हातात ठेवतात आणि तिथे कायदा तुमच्या मदतीला येणार नाही. एटीएमने किंवा दुकानातल्या यंत्राने ‘युरोत आकारू का’ असं विचारलं, तर नाही म्हणा आणि कोरुना निवडा. रूपांतराचा वाईट दर त्या एका बटणात असतो.

आता ज्याची मला सगळ्यात जास्त हळहळ वाटते ते सांगते. आमच्या आखणीत शनिवारी योसेफोव होतं, म्हणजे जुनी यहुदी वस्ती, आणि रविवारी सकाळी किल्ला. शनिवारी आम्ही पिंकास सिनेगॉगच्या दारात पोचलो तेव्हा ते बंद होतं. जुनं यहुदी दफनस्थान बंद, तेराव्या शतकापासून उभं असलेलं जुनं-नवं सिनेगॉग बंद. शनिवार हा यहुद्यांचा शब्बाथ, त्या दिवशी आणि त्यांच्या सणांना तिथे पर्यटकांना प्रवेश नसतो. रविवारी सकाळी किल्ल्यावर गेलो तर सेंट व्हिटस कॅथेड्रलमध्ये प्रार्थना चालू होती. रविवारी ते पाहायला येणाऱ्यांसाठी दुपारी बारानंतर उघडतं. बाराला बहुतेकांची परतीची बस होती, बदलता न येणारी स्वस्त तिकिटं काढलेली. इतक्या लांबून येऊन ती मुलं दोन्ही ठिकाणी बाहेरूनच परतली.

दिवसांची अदलाबदल केली असती तर दोन्ही झालं असतं. शनिवारी सकाळी किल्ला, आवारात शिरायला पैसे पडत नाहीत. कॅथेड्रलचा पाया १३४४ मध्ये घातला गेला आणि काम पुरं झालं १९२९ मध्ये, त्यामुळे चौदाव्या आणि विसाव्या शतकातली कारागिरी एकाच छताखाली पाहायला मिळते. घाई करू नका, पूर्ण सकाळ द्या. आणि रविवारी योसेफोव.

माझं तिकीट संध्याकाळच्या गाडीचं होतं. त्यामुळे रविवारी दुपारी मी आणि आणखी दोघे-तिघे पिंकास सिनेगॉगमध्ये जाऊ शकलो. आतल्या भिंतींवर बोहेमिया आणि मोराविया या प्रांतांतल्या, नाझींनी मारलेल्या जवळजवळ ८०,००० यहुद्यांची नावं हाताने लिहिलेली आहेत. गावानुसार लावलेली, आडनाव लाल रंगात, पुढे काळ्या रंगात नाव आणि तारखा. दोन चित्रकारांनी १९५४ ते १९५९ या काळात ती लिहिली. पुढे ओल चढून भिंती खराब झाल्या, १९६८ मध्ये इमारत बंद झाली आणि साम्यवादी राजवटीत ती बंदच राहिली. नावं पुन्हा लिहिली गेली ती १९९२ नंतर. आम्ही एका कोपऱ्यात एकाच आडनावाची माणसं वाचत उभे होतो, त्यात आजोबा असतील अशा सालाचे होते आणि तीन वर्षांचं मूलही होतं.

वरच्या मजल्यावर तेरेझीनच्या छावणीतल्या मुलांची चित्रं आहेत. फ्रीडल डिकर-ब्रांडाइस नावाची चित्रकार तिथे स्वतः कैदेत असताना मुलांना चित्रकला शिकवत होती. १९४४ मध्ये आउशवित्सला नेलं जाण्यापूर्वी तिने मुलांची सुमारे ४,५०० चित्रं दोन सुटकेसमध्ये भरून लपवून ठेवली. ती वाचली नाही, चित्रं वाचली. बहुतेक मुलंही वाचली नाहीत. आमच्याबरोबरचा नागपूरचा मुलगा वास्तुशास्त्र शिकतो. तो त्या चित्रांतली घरं, दारं, खिडक्या इतका वेळ पाहत राहिला की बंद व्हायची वेळ झाली तेव्हा आम्हाला त्याला हाक मारावी लागली. बसने परतलेल्या मुलांना हे पाहता आलं नाही, याचं मला अजून वाईट वाटतं. बाहेर दफनस्थानात सुमारे १२,००० शिळा एकमेकींना टेकून उभ्या आहेत. जागा वाढवता येत नव्हती, म्हणून जुन्या थडग्यांवर माती टाकून नव्या थरांत दफन करत गेले. १४३९ ची शिळा सर्वांत जुनी, शेवटचं दफन १७८७ मधलं. पुरुषांनी तिथे डोकं झाकायचं असतं, टोपी नसेल तर दारात मिळते.

म्हणून परतीचं तिकीट संध्याकाळचं काढा, चार-सहा युरो जास्त पडले तरी. वेळ कमी असेल तर यादीतली ठिकाणं गाळा. फोटोंसाठी चार्ल्स पूल सगळ्यांना हवा असतो, तो सूर्योदयाला गाठा, दहानंतर तिथे चालायलाही जागा नसते आणि खिसेकापू असतात. घड्याळाखाली आणि किल्ल्याकडे जाणाऱ्या २२ नंबरच्या ट्राममध्येही ते असतात. पाठपिशवी पुढे घ्या, मागच्या खिशात काही ठेवू नका. १४१० पासूनच्या त्या घड्याळातल्या प्रेषितांच्या बाहुल्या सगळे मान वर करून पाहतात. तिथून चार पावलांवर फरसबंदीत २७ पांढरे क्रूस आहेत, २१ जून १६२१ ला बंडखोर सरदार-नागरिकांना तिथे मारलं त्याची खूण. लोक त्यांच्यावरून चालत जातात.

आणि तुम्ही विद्यार्थी आहात, तर विद्यार्थ्यांच्या जागा चुकवू नका. त्यांना तिकीट नाही, वेळेचं बंधन नाही. वाक्लाव चौकाच्या वरच्या टोकाला, राष्ट्रीय संग्रहालयासमोर, जमिनीतून वर उचलला गेलेला एक काशाचा क्रूस आहे. सोव्हिएत रणगाडे आल्यानंतर लोक हळूहळू हार मानू लागले होते, तेव्हा चार्ल्स विद्यापीठातला यान पालाख हा वीस वर्षांचा विद्यार्थी १६ जानेवारी १९६९ ला इथे स्वतःला पेटवून घेऊन कोसळला आणि तीन दिवसांनी वारला. त्याच वर्षी फेब्रुवारीत यान झायीत्स या आणखी एका विद्यार्थ्याने तेच केलं. तिथून चालत नारोद्नी रस्त्यावर गेलात तर एका कमानीखाली भिंतीवर वर उचललेल्या हातांचं छोटं स्मारक दिसेल. १७ नोव्हेंबर १९८९ ला विद्यार्थ्यांच्या मोर्चाला पोलिसांनी तिथे झोडपलं आणि त्यानंतर काही आठवड्यांत राजवट कोसळली.

खाण्याचं थोडक्यात. जुन्या चौकातल्या ठेल्यांवर डुकराच्या मांसाचा दर शंभर ग्रॅमला लिहिलेला असतो आणि ताटात त्याच्या कितीतरी पट वाढतात, तेव्हा आधी वजन सांगा. शाकाहारी मुलांना तळलेलं चीज, ‘स्माझेनी सीर’, जवळजवळ कुठल्याही साध्या खाणावळीत मिळतं. सूप मागताना त्यात मांसाचं पाणी आहे का ते विचारा. रात्री दहा ते सकाळी सहा शांततेची वेळ आहे आणि ती पाळली जाते. बिअर स्वस्त आहे, म्हणून ज्याने कधी घेतली नाही त्याच्या मागे लागू नका, आणि रात्री कुणालाही एकट्याने हॉस्टेलवर परतू देऊ नका. काही झालं तर ११२ ला इंग्रजीत बोलता येतं.

शेवटचा त्रास परतीच्या वाटेवर झाला. शेंगेनमध्ये सीमा नाहीत असं समजून हैदराबादच्या एका मुलाने पासपोर्ट ड्रेस्डेनच्या खोलीवरच ठेवला होता, फोनमध्ये फक्त फोटो होता. ऑक्टोबर २०२३ पासून जर्मनी चेक सीमेवर पुन्हा तपासणी करते. सीमेनंतरच्या स्थानकावर पोलिसांनी त्याला उतरवलं आणि त्याची ओळख पटायला रात्र उलटली. मी त्याच्याबरोबर उतरले. पोलीस सभ्यपणे वागले, पण त्या बाकावर त्या मुलाचे हात थरथरत होते आणि सकाळी त्याची प्रयोगशाळेतली परीक्षा होती. पासपोर्ट आणि रेसिडेन्स परमिटचं कार्ड, दोन्ही मूळ, दोन्ही स्वतःच्या अंगावर ठेवा, दुसऱ्याच्या बॅगेत नाही. गाडी सुटण्याआधी फलाटावर प्रत्येकाला ती बाहेर काढून दाखवायला सांगा. कार्डाची मुदत संपली असेल आणि नूतनीकरणाचा तात्पुरता कागदच हातात असेल, तर आधी परदेशी नागरिकांच्या कार्यालयात विचारा की त्यावर देशाबाहेर जाऊन परत येता येईल का, आणि उत्तर लेखी घ्या. उत्तर आलं नसेल तर त्या शनिवारी ड्रेस्डेनलाच थांबा.