गाठ तीच, दिसते मात्र लवकर

प्रश्न : तीस वर्षांपूर्वी काकांना किडनीचा कॅन्सर झाला आणि ते वर्षभरात गेले. परवा शेजारच्या बापूंची मुतखड्यासाठी सोनोग्राफी केली, तर किडनीत लहान गाठ निघाली. डॉक्टर म्हणतात, ऑपरेशननंतर ठीक होतील. रोग एकच, मग एवढा फरक कसा?
– एक वाचक, पारोळा (जि. जळगाव)

उत्तर : किडनी पोटात खोल, पाठीच्या बाजूला असते. तिथली गाठ बरीच वाढेपर्यंत दुखत नाही. लघवीत रक्त, कुशीत दुखणं आणि हाताला लागणारा गोळा ही जुन्या पुस्तकांतली तीन लक्षणं. ती एकत्र दिसेपर्यंत रोग बहुधा पसरलेला असे. आता निम्म्याहून अधिक गाठी बापूंसारख्याच, भलत्याच कारणाने केलेल्या तपासणीत सापडतात. अमेरिकेत १९७५च्या सुमारास निदानानंतर पाच वर्षं जगणारे सुमारे ५० टक्के होते, आता ७५ टक्क्यांहून जास्त आहेत.

पण या आकड्याला लगेच भुलू नये. एखाद्याची गाठ चौसष्टाव्या वर्षी कळली आणि तो सहासष्टाव्या वर्षी गेला, तर तो दोन वर्षं जगला असं धरतात. तीच गाठ साठाव्या वर्षी दिसली असती, तर मरण त्याच दिवशी येऊनही हिशेबात सहा वर्षं लागली असती. शिवाय चार सेंटिमीटरपर्यंतच्या गाठींपैकी पाचातली साधारण एक कॅन्सरची नसतेच. म्हणून फार वृद्ध माणसाची लहान गाठ कधी कधी नुसती नजरेखाली ठेवतात.

तरी खरी प्रगतीही मोठी आहे. पूर्वी अख्खी किडनी काढत. आता शक्य तिथे फक्त गाठ काढून बाकीची वाचवतात. पसरलेल्या रोगात रुग्ण साधारण वर्षभर काढत असे. २००५-०६मध्ये नव्या गोळ्या आल्या, २०१५पासून प्रतिकारशक्ती जागवणारी इंजेक्शनं आली, आणि आता अशा अनेकांना आणखी काही वर्षं मिळतात.

मला काळजी वाटते ती आपल्याकडच्या एका सवयीची. उन्हाळ्यात लघवी लाल झाली की ‘उन्हाळी लागली’ म्हणून सब्जा नि धण्याचं पाणी पितात, आणि दोन दिवसांत रक्त थांबलं की विसरून जातात. गाठीतलं रक्तही असंच आपोआप थांबतं. न दुखता, एकदाच रक्त दिसलं तरी लघवीची तपासणी आणि सोनोग्राफी करून घ्या. जळगाव आणि धुळे, दोन्हीकडे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे. तंबाखू ओढणारे, वजन जास्त असलेले आणि रक्तदाबाचे रुग्ण यांनी तर अजिबात थांबू नये.