निळ्या रंगाविना निळे पीस

छत्तीसगडच्या शिवारात तारेवर बसलेला नीलकंठ मळकट तपकिरी दिसतो. तो उडाला की पंखांतील निळाई प्रकट होते. परंतु त्या पिसांत निळे रंगद्रव्य मुळीच नसते, हे तुम्हाला ठाऊक आहे का? सी. व्ही. रामन यांनी १९३४ मध्ये याच पक्ष्याच्या पिसांविषयी लेख प्रसिद्ध केला होता. पिसातील केराटिनमध्ये हवेच्या अतिसूक्ष्म पोकळ्या असतात. त्यांच्या रचनेमुळे निळा प्रकाश परततो. उरलेला प्रकाश खालचे काळसर मेलॅनिन शोषून घेते. म्हणूनच पीस कुटल्यास निळाई नाहीशी होते! याउलट, भिगवणच्या रोहित पक्ष्यांचा गुलाबी रंग आहारातून लाभतो. दसऱ्याला शुभदर्शनासाठी काही ठिकाणी नीलकंठाला पकडून त्याचे पंख बांधतात. जी निळाई पंख उघडल्यावरच उमलते, ती मोकळ्या आकाशात पाहणे अधिक उचित नाही का?