अ‍ॅम्प्लिफायरचा लाल दिवा कसा वाचावा

आमोण्याच्या बेताळाच्या देवळापासून पेडण्याच्या दशावतारापर्यंत, मांडवातला आवाज अ‍ॅम्प्लिफायरवर उभा असतो. ऐन प्रयोगात ‘प्रोटेक्ट’चा दिवा लागून आवाज गेला, तर बटण पुन्हा पुन्हा बंद-चालू करू नका. स्पीकर जळू नये म्हणून यंत्राने स्वतःहून आउटपुट तोडलेलं असतं. त्यामागचं कारण शोधायला ही कृती.

साहित्य : मल्टिमीटर, टॉर्च, मऊ ब्रश, जास्तीची स्पीकर केबल, यंत्रातल्या फ्यूजइतक्याच अँपिअरचा जादा फ्यूज.

कृती

१. दिवा कधी लागला ते आठवा. चालू केल्यावर काही सेकंद लागून ‘टक’ आवाजासह विझत असेल, तर ते नेहमीचंच आहे. तासाभराने लागला तर उष्णतेचा संशय घ्या, पखवाजाच्या जोरदार थापेला लागला तर जादा भाराचा. ‘क्लिप’चा दिवा वेगळा असतो. तो क्वचित लुकलुकला तर चालतं, पण सतत पेटत असेल तर व्हॉल्यूम उतरवा. फाटलेल्या आवाजाने ट्वीटर आधी जळतात.

२. व्हॉल्यूम शून्यावर आणा, यंत्र बंद करा, प्लग काढा. मगच सगळ्या स्पीकर आणि मायक्रोफोनच्या केबली सोडवा.

३. काहीही न जोडता यंत्र चालू करा. लाल दिवा तसाच राहिला तर दोष आतला आहे. बहुधा आउटपुट ट्रान्झिस्टर शॉर्ट होऊन डीसी बाहेर येत असतो. तिथेच थांबा आणि कारागिराकडे न्या. झाकण उघडू नका. प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये धोकादायक विद्युतदाब शिल्लक राहतो.

४. दिवा विझला तर बाहेर शोधा. यंत्र बंद करून दोन्ही टोकं सुटी असलेली केबल मल्टिमीटरने तपासा. दोन तारांमध्ये जोड दाखवला तर ती शॉर्ट आहे. मांडवाच्या खांबाखाली चेपलेली जागा आणि पावसात भिजलेले सांधे आधी बघा. मग सुटा स्पीकर मोजा. ८ ओहमचा स्पीकर साधारण ६ ते ७ ओहम दाखवतो. शून्याजवळ आकडा आला तर तो स्पीकर बाजूला ठेवा.

५. भाराचा हिशोब करा. ८ ओहमचे दोन स्पीकर समांतर जोडले की ४ ओहम होतात, चार जोडले की २. यंत्राच्या पाठीवर ‘किमान ४’ लिहिलं असेल, तर चार स्पीकरचा भार त्याला पेलणार नाही. १०० व्होल्ट लाइनवरच्या भोंग्यांचे वॅट एकत्र मोजा. बेरीज यंत्राच्या वॅटपेक्षा कमी हवी. त्या लाइनवर साधा ८ ओहमचा स्पीकर कधीही जोडू नका.

६. हवा मोकळी करा. डिचोलीच्या खाणपट्ट्यात तांबडी धूळ जाळीवर दाट बसते. प्लग काढून ती ब्रशने झाडा आणि पंखा फिरतो का बघा. यंत्रावर कापड किंवा हार ठेवू नका. तापलेलं यंत्र निवायला वेळ द्या.

७. वीज मोजा. दिवे आणि पंखे सुरू असताना २३० च्या आसपास व्होल्ट हवेत. आकडा फार घसरत असेल, तर आवाजाला वेगळी लाइन घ्या.

८. एकेक स्पीकर जोडून चालू करा. प्रत्येक जोडणीआधी यंत्र बंद ठेवा. ज्याच्या जोडणीने दिवा परत लागेल, दोष त्याच फांदीवर आहे.

खबरदारी : फ्यूजच्या जागी तार घालू नका, जास्त अँपिअरचा फ्यूजही नको. सुरू करताना अ‍ॅम्प्लिफायर सगळ्यांत शेवटी, बंद करताना सगळ्यांत आधी. दिवा केव्हा लागला आणि काय जोडलेलं होतं ते झाकणावर कागद चिकटवून लिहून ठेवा. कारागिराचं निम्मं काम त्याने होतं.