पांढरी पार्श्वभूमी काढणे आणि अक्षरांची शुद्धता

उद्दिष्टे
या उपघटकाच्या अभ्यासानंतर आपणांस
१. चित्रातील पांढरी पार्श्वभूमी का काढावी लागते, हे सांगता येईल.
२. या प्रक्रियेत देवनागरी अक्षरांना होणारी हानी ओळखता येईल.

विषय-विवेचन
विद्यार्थी मित्रहो, नेहमीच्या चाररंगी छपाईत पांढरी शाई नसते. पांढरा दिसतो तो कागदच. म्हणून पांढऱ्या कागदावर चित्रामागचा पांढरा चौकोन जाणवत नाही. तेच चित्र पिवळ्या फलकावर मांडले, की चौकोन उघडा पडतो. जेपेग प्रकारच्या फाइलमध्ये पारदर्शकता साठवता येत नाही, पीएनजीमध्ये येते. त्यामुळे पार्श्वभूमी काढलेले चित्र जेपेगमध्ये जतन केल्यास त्यामागे पुन्हा भरीव रंग येतो.

पार्श्वभूमी काढणारे साधन रंगाच्या सारखेपणावरून निवड करते. फोटोशॉपमधील मॅजिक वाँड या साधनात ही मर्यादा ० ते २५५ या अंकांत ठरवतात. अंक फार कमी ठेवल्यास अक्षरांच्या कडांना पांढुरकी किनार राहते. फार वाढवल्यास बारीक, फिकट रेषाही पार्श्वभूमीबरोबर जातात. केवळ सलग भाग निवडल्यास ‘व’, ‘प’, ‘ष’ यांच्या पोटातील पांढरा भाग तसाच राहतो. सलगतेची अट काढल्यास छायाचित्रातील व्यक्तीची पांढरी टोपीही नाहीशी होऊ शकते. याचा अर्थ असा, की पांढरे ते सर्व पार्श्वभूमी नव्हे. कोणते पांढरे ठेवायचे, हे चित्राचा व मजकुराचा अर्थ जाणणाऱ्यानेच ठरवावे लागते.

स्कॅन केलेल्या मजकुरावरील ठिपके पुसताना किंवा त्याचे रेषाचित्रात रूपांतर करताना विशेष सावध राहावे. संगणकाच्या लेखी धुळीचा कण आणि अनुस्वार यांत भेद नाही; भाषेच्या दृष्टीने मात्र अनुस्वार अर्थभेदक आहे. रुग्णालयाच्या फलकावरील ‘चिंता नको’ या शब्दांतील बिंदू पुसला गेला, तर ‘चिता नको’ असे उरेल. ‘ब’च्या पोटातील तिरकी रेषा गेली, तर ‘बाद’चे ‘वाद’ होईल. असा शब्द स्वतंत्रपणे शुद्धच असल्याने शुद्धलेखन-तपासनीलाही तो खटकणार नाही.

कार्यपद्धती
१. साधा मजकूर चित्रातून कापून घेऊ नये. युनिकोड टंकात नव्याने जुळवावा. सुलेखन, स्वाक्षरी व बोधचिन्ह यांपुरतीच ही प्रक्रिया वापरावी.
२. मूळ फाइल अबाधित ठेवून प्रतीवर काम करावे.
३. चित्रामागे तात्पुरता गडद रंग ठेवावा. उरलेली पांढरी किनार दिसेल. नंतर पांढरा रंग ठेवून गळालेल्या रेषा पाहाव्यात.
४. अंतिम मुद्रित मूळ प्रतीशी ताडून अनुस्वार, रफार, मात्रा व विरामचिन्हे एकेक करून तपासावीत.

सारांश
पार्श्वभूमी काढणे हे मांडणीकाराचे काम असले, तरी त्यानंतरचे मुद्रितशोधन हे भाषेच्या जाणकाराचे काम आहे. मजकूर मांडणीपूर्वी तपासला होता, एवढ्यावर विसंबू नये.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न
१. ‘पांढरे ते सर्व पार्श्वभूमी नव्हे’ हे विधान सोदाहरण स्पष्ट करा.
२. केवळ अनुस्वार गळाल्याने अर्थ बदलतो, अशा पाच शब्दजोड्या लिहा.