नेम उशिरा का सरकतो?

प्रश्न : १४४ हर्ट्झचा मॉनिटर घेतला, तरी गेममध्ये माउस हलवल्यावर नेम उशिरा सरकतो. मॉनिटर परत करू का?

उत्तर : थांबा! आधी विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये डोकावा. तिथे अजून ६० हर्ट्झच निवडलेलं असू शकतं. ६० वर एक फ्रेम १६.७ मिलिसेकंद पडद्यावर राहते, १४४ वर जेमतेम ७.

मग व्ही-सिंक. चित्र फाटू नये म्हणून तो तयार फ्रेमला पुढच्या रिफ्रेशपर्यंत रांगेत उभं करतो, आणि रांग म्हटली की उशीर आलाच. तो बंद करून मॉनिटरचा रिफ्रेश फ्रेमशी जुळवणारा फ्रीसिंक किंवा जी-सिंक चालू करा, फ्रेमची मर्यादा १४० ठेवा. १४४ ओलांडलं की चित्र पुन्हा फाटतं.

खोक्यावरच्या ‘१ मिलिसेकंद’वर मात्र हुरळू नका, तो पिक्सेलचा रंग बदलण्याचा वेळ, नेम सरकण्याचा नाही.