बाबांचे कानाचे मशीन कपाटात का पडून राहते?

गेल्या महिन्यात सत्तरीचे एक बाबा मुलाबरोबर दवाखान्यात आले. मुलाने हौसेने आणलेले श्रवणयंत्र खिशात होते, पण बंद! बाबा म्हणाले, "डॉक्टरसाहेब, यात नुसता गोंगाट होतो. मोहिनीराजांच्या देवळात बुवांचा आवाज येतो, पण शब्द लागत नाही. म्हणून कीर्तनाला जाणंच सोडलं."

तपासले तर दोन्ही कानांत मळ घट्ट बसलेला. तो काढल्यावर थोडे बरे वाटले. मग त्यांना ऑडिओमेट्रीसाठी नगरला पाठविले. नंबर काढल्याशिवाय आपण चष्मा घेत नाही, मग यंत्र कसे घ्यावे?

उतारवयात प्रथम बारीक, उंच स्वर ऐकू येईनासे होतात. 'स', 'श', 'फ' ही अक्षरे निसटतात. त्यामुळे आवाज कळतो, बोलणे कळत नाही. अशा वेळी सगळेच आवाज मोठे करून भागत नाही. तपासणीच्या आलेखाप्रमाणे यंत्र जुळवून घ्यावे लागते.

यंत्र कोणते घ्यावे?

खिशातले यंत्र : बटणे मोठी असतात. हात थरथरणाऱ्यांना सोयीचे. मात्र कपड्यांची खरखर ऐकू येते.

कानामागचे यंत्र : बहुतेकांना चालते.

कानाच्या आत बसणारे यंत्र : दिसत नाही, पण त्याचे बारीक सेल बदलणे वृद्धांना अवघड जाते.

महाग तेच चांगले, असे नाही. घेण्यापूर्वी लावून, घरच्यांशी बोलून पाहावे.

यंत्राला अंतराचीही मर्यादा असते. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की आवाज सुमारे ६ डेसिबलने उतरतो. म्हणून पुढे बसावे, भोंग्यापासून दूर राहावे. बोलणाऱ्याच्या सदऱ्याला लावायचा बिनतारी माईकही मिळतो. तो यंत्राशी जुळतो का, हे आधी विचारावे.

गरजूंसाठी केंद्र सरकारची १९८१ पासूनची 'एडिप' योजना आहे. त्यासाठी दिव्यांग प्रमाणपत्र व उत्पन्नाचा दाखला लागतो. जिल्हा रुग्णालयात चौकशी करावी.

एक इशारा : एका-दोन दिवसांत अचानक ऐकू येईनासे झाल्यास यंत्राच्या मागे लागू नये. त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञांना गाठावे. उशीर झाल्यास गेलेले ऐकणे परत येणे कठीण होते.

नवे यंत्र सुरुवातीला घरातच, शांत वेळी तास-दोन तास लावावे. घरच्यांनी ओरडू नये. समोर येऊन सावकाश बोलावे.

आमच्या बाबांना शेवटी खिशातलेच यंत्र सोयीचे पडले. आता ते कीर्तनात पहिल्या रांगेत बसतात.