सावलीतील कलमांस उन्हाची सवय

मृगाच्या सुमारास पिंगुळी व कुडाळ परिसरात काजूची कलमे मोठ्या संख्येने आणली जातात. वेंगुर्ले येथे १९५७ साली स्थापन झालेल्या प्रादेशिक फळ संशोधन केंद्राच्या वेंगुर्ला-४ व वेंगुर्ला-७ या जाती बागायतदारांच्या विशेष परिचयाच्या आहेत. कलम जातिवंत असते, खड्डाही रीतसर भरलेला असतो. तरी लावणीनंतर आठ-दहा दिवसांत पाने करपतात व कलम वाळते. दोष रोपवाटिकेस दिला जातो. पुष्कळदा खरे कारण इतकेच असते की, सावलीत वाढलेले कलम एकदम उघड्या कातळावर नेलेले असते.

हा बदल किती मोठा आहे, याची कल्पना डोळ्यांवरून येत नाही, कारण डोळा कमीअधिक उजेडाशी क्षणात जुळवून घेतो. भर दुपारच्या उन्हाचा प्रकाश सुमारे एक लाख लक्स भरतो. ढगाळ दिवशी तो दहा-वीस हजारांवर येतो, आणि घरात खिडकीपासून काही फुटांवर हजारही भरत नाही. सावलीत आलेले पान रुंद, पातळ व वरच्या मेणचट थराने कमी झाकलेले असते. त्यावर तीव्र ऊन पडले म्हणजे पेलवेल त्याहून अधिक प्रकाश पानात शिरून हरितद्रव्याचे कार्य बिघडते. शिवाय पानांतून पाणी भराभर उडते, आणि पिशवीतील मोजकी मुळे ती तूट भरून काढू शकत नाहीत. जुने पान फारसे बदलत नाही. उन्हाला टिकणारे पान नव्याने यावे लागते. यासाठीच दोन आठवड्यांचा अवधी द्यावयाचा.

कलमे उघड्या टेंपोतून आणताना वाऱ्याने पाने फाटतात, म्हणून वरून कापड बांधावे. घरी आणल्यावर तीन-चार दिवस मांडवाखाली किंवा दाट झाडाच्या सावलीत ठेवावीत. पिशवीतून बाहेर आलेली मुळे उचलताना तुटलेली असतात. अशा कलमांना ही विश्रांती अधिक द्यावी. पुढे पूर्वेकडील बाजूस सकाळी नऊपर्यंतचे ऊन, काही दिवसांनी अकरापर्यंतचे, व शेवटी दिवसभराचे द्यावे. मांडवावरील झावळ्या दोन-दोन करून काढल्या तरी हाच परिणाम साधतो व पिशव्या हलविण्याची मेहनत वाचते. या काळात नत्रयुक्त खत देऊ नये. पाणी थोडे कमी करावे, परंतु पाने मलूल होऊ देऊ नयेत. तांबूस कोवळी पालवी फुटलेली असेल तर ती निबर होईपर्यंत थांबावे.

लावणीस रिमझिम पावसाचा दिवस निवडावा. धोका पुढील उघडिपीत असतो, कारण तेव्हा ऊन प्रखर पडते व जांभा दगड तापतो. कलमाच्या नैर्ऋत्येस ऐन किंवा किंजळीचे टहाळे रोवल्यास ऊन व वारा दोन्ही अडतात. कलम काठीस सैल बांधावे, जोड जमिनीच्या वर ठेवावा आणि जोडाखालील फूट वेळोवेळी काढावी.

पडवीतील कुंड्यांनाही हाच नियम लागू आहे, मात्र उलट दिशेने. मुसळधार पावसात क्रोटन, मोगरा यांच्या कुंड्या आत घेतल्या की काही पाने पिवळी पडून गळतात. हे पाहून अधिक पाणी घालण्याची प्रवृत्ती असते व तीच घातक ठरते, कारण कमी उजेडात झाड पाणी कमी ओढते आणि मुळे कुजतात. कुंडी प्रथम पडवीच्या कडेला, मग आत, अशी सरकवावी. तुळशीस घराचा काळोख मानवतच नाही. ती लांबोडी व फिकी होते. तिची कुंडी पागोळीपासून दूर, पण उजेडातच राहू द्यावी. आत घेण्यापूर्वी प्रत्येक झाडाच्या पानांची मागील बाजू पाहावी. पिठ्या ढेकूण किंवा खवले कीड आढळल्यास ओल्या फडक्याने पुसून काढावी व ती कुंडी आठवडाभर इतरांपासून वेगळी ठेवावी.